दही लागेना, ताप उतरेना

गेल्या श्रावणातली गोष्ट. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी आत्तीच्या म्हशीला दगडी झाली. कास घट्ट, हात लावू देईना, दुधात गुठळ्या. जनावरांचे डॉक्टर आले, सडात ट्यूबा सोडल्या, एक इंजेक्शन दिलं आणि जाताना बजावून गेले, "मावशी, चार दिवस हे दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही वापरायचं नाही." आत्तीनं मान हलवली. पण तिसऱ्या दिवशी दूध पांढरंशुभ्र दिसायला लागलं आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला. एवढं दूध ओतून द्यायचं? तिनं ते उकळलं, कोमट केलं, विरजण लावलं. सकाळी झाकण काढून बघते तर दूध होतं तसंच. शेजारणीकडनं नवं विरजण आणलं. पुन्हा तेच.

त्याच आठवड्यात नातवाला ताप. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं आणि सांगितलं, व्हायरल आहे, तापाची गोळी द्या, पाणी भरपूर पाजा, अँटिबायोटिकची गरज नाही. आत्तीला काही ते पटेना. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलोय, त्यामुळं घरातल्या प्रत्येक खोकल्याचा जाब मलाच द्यावा लागतो. फोन आलाच.

"म्हशीला इंजेक्शन देत्यात आणि पोराला नुसती तापाची गोळी व्हय रं? म्हशीला दिलं तसलं कायतरी जालीम द्या म्हणावं की. आणि हे दही का लागंना, ते पण सांग."

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, हे तिला सांगायला मला पाऊण तास लागला. इथं जरा नीट सांगतो.

दोघांनाही 'जंतू' म्हटलं की घोटाळा सुरू

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया आणि विषाणू म्हणजे व्हायरस. आपण दोघांनाही जंतू म्हणतो, दोघांनाही 'इन्फेक्शन' या एकाच पोत्यात भरतो. प्रत्यक्षात त्यांच्यातला फरक माणूस आणि मासा यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा आहे. माणूस आणि मासा दोघंही निदान पेशींचे बनलेले असतात. जिवाणू ही एक अख्खी पेशी आहे. विषाणू पेशीसुद्धा नाही.

आधी मापाचं बघू. एखादा विषाणू, समजा करोनाचा, ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवला, तर त्याच प्रमाणात आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू मध्यम बटाट्याएवढा होईल. माणसाची एक साधारण पेशी पाण्याच्या पिंपाएवढी. आणि तुम्ही स्वतः कोल्हापुरात डोकं ठेवून आडवे झालात, तर पाय जवळजवळ कराडला पोचतील. खऱ्या आकड्यांत बोलायचं तर बहुतेक जिवाणू एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, थोडे लहान-मोठे. आणि विषाणू त्याहून साधारण दहा-वीस पटींनी बारीक.

या मापामुळंच इतिहासात गंमत झाली. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहुक यानं स्वतः घासलेल्या भिंगांतून १६७० च्या दशकात जिवाणू पाहिले. पुढं स्वतःच्या दातांवरचा कीटण काढून त्यातले वळवळणारे जीवही पाहिले. बहुतेक विषाणू मात्र साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणंच शक्य नव्हतं. ते दिसायला १९३० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. मधल्या काळात शास्त्रज्ञही फसले. १८९२ साली रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या घशात एक जिवाणू सापडला आणि हाच फ्लूचा जंतू असं त्यांनी ठरवलं. माणसाच्या फ्लूचा खरा विषाणू वेगळा करता आला तो १९३३ मध्ये. त्या बिचाऱ्या जिवाणूचं नाव मात्र आजही हिमोफिलस इन्फ्लुएन्झी असंच आहे. एवढ्या मोठ्यांचा जिथं घोटाळा झाला, तिथं आत्तीला काय बोलायचं?

एका खोलीचं, पण स्वतःचं घर

जिवाणूचं शरीर म्हणजे एका खोलीचं घर. माजघर नाही, देवघर नाही, सगळा संसार एकाच खोलीत. आपल्या पेशीत डीएनए ठेवायला केंद्रक नावाची वेगळी बंद खोली असते, ती इथं नाही. डीएनए म्हणजे घर कसं चालवायचं याची लिहून ठेवलेली वही. जिवाणूत तो बहुधा एका मोठ्या कड्याच्या रूपात मधोमध गुंडाळलेला असतो. ई. कोलायचा डीएनए उलगडला तर सुमारे दीड मिलिमीटर भरतो, म्हणजे जिवाणूच्या स्वतःच्या लांबीच्या जवळपास सातशे पट. इचलकरंजीच्या मागावरच्या कांडीत किती दोरा बसतो ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं फारसं नवल वाटणार नाही.

खोलीभर लहान लहान चुली मांडलेल्या असतात. त्यांचं नाव रायबोसोम. वहीतली कृती वाचून प्रथिनं रांधायचं काम त्यांचं. आपल्या पेशीतही रायबोसोम असतात, पण त्यांची घडण थोडी वेगळी. हा 'थोडा' फरक पुढं फार कामाला येतो. या चुलीची बारीकसारीक रचना उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं, त्यातले एक तमिळनाडूत जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन.

आता भिंत. माझ्या मते जिवाणू समजून घ्यायचा तर तो भिंतीपासून समजून घ्यावा. सायकलचं चाक डोळ्यांपुढं आणा. आत रबरी ट्यूब, बाहेर टायर. जिवाणूच्या आत साखर, क्षार, प्रथिनं यांची इतकी दाटी असते की बाहेरचं पाणी सतत आत घुसू बघतं. म्हणजे हवा भरून टम्म झालेली ट्यूबच. नुसती ट्यूब असती तर फुटली असती. म्हणून तिच्यावर टायर असतो: साखरेच्या लांब धाग्यांची आणि त्यांना आडव्या गाठी मारणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यांची विणलेली जाळी. ही पेशीभित्तिका. खाटेची सुतळी कशी उभी-आडवी आवळलेली असते, तशी.

काहींची ही जाळी जाड असते. काहींची पातळ, पण तिच्यावर आणखी एक स्निग्ध आवरण. हा फरक रंगावरून ओळखायची युक्ती हान्स ख्रिस्टियन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये काढली आणि आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्या महिन्यात तीच शिकवतात. मी पहिल्यांदा केली ती दह्याच्या निवळीवरच. काचपट्टीवर थेंब पसरायचा, वाळवायचा, दिव्यावरनं झर्रकन फिरवायचा. मग जांभळा रंग, मग आयोडिन, मग स्पिरिटनं धुवायचं, शेवटी गुलाबी रंग. जाड भिंतीवाले जांभळा रंग धरून ठेवतात, पातळवाल्यांचा धुतला जातो आणि ते गुलाबी होतात. माझ्या बोटांचा जांभळा रंग आठवडाभर गेला नाही, पण भिंगाखाली जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढं आहे: जांभळ्या काड्या, आणि त्यांच्या मधून मोत्यांच्या सरासारख्या बारीक गोल मण्यांच्या माळा. आपण रोज भाताबरोबर खातो ते हे.

काही जिवाणूंना शेपूट असते. ती माशासारखी वळवळत नाही, मोटारीच्या पंख्यासारखी गरगर फिरते, सेकंदाला शंभराहून जास्त फेरे. काहींच्या अंगावर चिकट साय असते. धनुर्वाताचा जिवाणू तर वाईट दिवस आले की स्वतःभोवती बीजासारखं कडक कवच करून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. साध्या उकळीला ते कवच दाद देत नाही. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते, १२१ अंशांची, म्हणजे साधारण आपल्या कुकरमधली.

आणि हा संसार स्वतःच्या बळावर वाढतो. खातो, फुगतो, मधोमध दुभंगतो, एकाचे दोन. मनासारखं अन्न आणि ऊब मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. रात्री दहाला एक असेल तर सकाळी सहाला दीड कोटीच्या वर. दह्याचे जिवाणू इतके घाईचे नसतात, पण तत्त्व तेच: दुधातली साखर खायची, तिचं आम्ल करायचं, त्या आम्लानं दूध घट्ट होतं.

बहुतेक जिवाणूंना आपल्या आजाराशी काही देणंघेणं नसतं. आपल्या अंगातच ते सुमारे ३८ लाख कोटी आहेत, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच. रंकाळ्याचं पाणी हिरवं पडतं तेव्हा आपण ज्याला शेवाळ म्हणतो, त्यातले निळे-हिरवे जीवही खरं तर जिवाणूच. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीही जिवाणूंच्याच.

नुसतं डिझाइन, माग दुसऱ्याचा

आता विषाणू. समजा, एका यंत्रमागाच्या कारखान्यात रात्री कुणीतरी शिरलं. त्याच्याजवळ माग नाही, सूत नाही, कामगार नाही, वीज नाही. खिशात आहे ते फक्त एका डिझाइनचं कार्ड. त्यानं ते मागावर चढवलं. सकाळपर्यंत मालकाचं सूत, मालकाची वीज, मालकाचे कामगार वापरून हजारभर वार कापड निघालं, सगळं त्या चोराच्या डिझाइनचं. आणि त्या कापडात काय विणलंय? तेच कार्ड, हजार वेळा.

विषाणू म्हणजे ते कार्ड आणि ते ठेवायचं पाकीट. कार्ड म्हणजे डीएनए किंवा त्याचा भाऊ आरएनए. पाकीट प्रथिनाचं. काहींच्या पाकिटावर चरबीचा पातळ कागद असतो, जुन्या पेशीतून बाहेर पडताना तिच्याच आवरणाचा ओरबाडून आणलेला. बस. चूल नाही, टायर नाही, इंधन नाही. करोनाच्या कार्डावर सुमारे तीस हजार अक्षरं आहेत, ई. कोलायच्या वहीत सेहेचाळीस लाख.

तो वाढत नाही, दुभंगत नाही. आत शिरल्यावर त्याचं पाकीट उघडतं आणि तो एका अर्थानं नाहीसाच होतो. मग पेशीच त्याचे सुटे भाग बनवते, ते जुळतात आणि नवे विषाणू बाहेर पडतात. कुठल्या पेशीत शिरायचं हे त्याच्या अंगावरच्या किल्लीवर अवलंबून असतं. काविळीच्या विषाणूची किल्ली यकृताच्या कुलपाला, रेबीजची मज्जातंतूंच्या.

मग तो जिवंत आहे का? १९३५ मध्ये वेंडेल स्टॅनली यांनी तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक करून दाखवले, खडीसाखरेसारखे. ते स्फटिक पाण्यात विरघळवून पानाला लावले की पान पुन्हा आजारी. खडीसाखर जिवंत म्हणायची का? शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला त्या भांडणात फारसा रस नाही. औषध देताना त्यानं काही फरक पडत नाही.

टायरच नाही तर पंक्चर कशाला करणार?

फरक पडतो तो इथं. जिवाणू वाढताना आपली जाळी जागोजागी कापतो, नवे धागे घालतो आणि गाठी मारतो. पेनिसिलिन आणि त्याची भावंडं त्या गाठी मारणाऱ्याचे हात धरून ठेवतात. कापणं चालूच राहतं, गाठी थांबतात. टायर उसवतो, ट्यूब बाहेर फुगते, फट्. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीच्या भोवतालचे जिवाणू विरघळलेले दिसले ते यामुळं. आपल्या पेशींना हा टायर नसतोच, म्हणून आपलं काही उसवत नाही. डॉक्सिसायक्लिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन ही औषधं जिवाणूची चूल विझवतात. आपली चूल वेगळ्या घडणीची असल्यानं बहुतांशी वाचते.

आता हेच औषध विषाणूला द्या. टायर? नाही. स्वतःची चूल? नाही. तो शिजवतो आपल्याच चुलीवर. औषध अंगभर फिरतं, मोडायला काही सापडत नाही, आणि निघून जातं.

आणि आत्तीचं दही? म्हशीची दगडी जिवाणूची, म्हणून तिच्या कासेत सोडलेलं अँटिबायोटिक दुधात उतरलं होतं. दूध उकळल्यानं ते पुरतं जात नाही. विरजणातल्या जाड टायरवाल्या जांभळ्या जिवाणूंनी त्या दुधात वाढायला सुरुवात केली आणि तिथंच उसवले. शेजारणीचं विरजण चांगलंच होतं. दूधच त्यातल्या जिवाणूंसाठी विषारी होतं. डॉक्टरांनी उगाच नव्हतं बजावलं.

"मग विषाणूवर औषधच नाही म्हणा की"

आहे, पण प्रत्येक कुलपाला वेगळं. नागीण उठली तर तिच्या विषाणूवर गोळी आहे, आणि ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केली तर चांगलं काम करते. एचआयव्हीला आटोक्यात ठेवता येतं, हेपटायटिस सी तर बरा होतो. ही औषधं बऱ्याचदा विषाणूच्या कार्डाची नक्कल करणारं एखादं खास यंत्र बंद पाडतात. डेंग्यू-चिकुनगुनियावर असं खास औषध अजून हातात नाही. तिथं पाणी, विश्रांती, तापाची गोळी आणि लक्ष. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरतानाच पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, तर घरी बसायचं नाही.

"पण मला तर कोर्स घेतल्यावर दोन दिवसांत बरं वाटलं"

हे मला दर पावसाळ्यात ऐकावं लागतं. साध्या व्हायरल तापाचं आयुष्य बऱ्याचदा चार-पाच दिवसांचं. माणूस दोन दिवस अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी गोळी घेतो, पाचव्या दिवशी उठतो. श्रेय गोळीला. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, असा तो हिशोब.

शेंबूड हिरवा झाला म्हणजे जिवाणू, हाही असाच एक समज. तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका प्रथिनाचा असतो. विषाणूच्या सर्दीतही येतो.

"लम्पीत जनावरांना अँटिबायोटिक दिलीच की!"

हा आक्षेप आत्तीचाच, आणि चांगला आहे. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गोठ्यागोठ्यात इंजेक्शनं दिली गेली, आणि लम्पी हा विषाणूचा रोग. पण ती इंजेक्शनं लम्पीच्या विषाणूवर नव्हती. अंगभर गाठी फुटल्या की त्या जखमांत जिवाणू शिरतात. औषध त्या दुसऱ्या पाहुण्यांसाठी. विषाणूविरुद्ध लस होती, शेळ्यांच्या देवीची. माणसातही तसंच: फ्लूनंतर न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक लागतंच.

गोठ्यातलं हे शहाणपण शेतकऱ्याला बरंच असतं, फक्त नावं वेगळी. लाळ-खुरकत विषाणूची; घटसर्प, फऱ्या, काळपुळी जिवाणूची. माणसांत टायफॉइड, क्षय, लेप्टो जिवाणूचे; गोवर, कांजिण्या, डेंग्यू विषाणूचे. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरला छळणारा प्लेग जिवाणूचा होता. तो आज झाला तर वेळेत दिलेल्या अँटिबायोटिकनं बरा होतो. मलेरिया या दोघांतही बसत नाही, त्याचा परजीवी वेगळाच.

"मग अँटिबायोटिक घ्यायचंच नाही?"

असं मी म्हटलेलं नाही, आणि कुणी असा अर्थ काढला तर आपल्याकडं ते महागात पडेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यातून चाललेल्यांना, गगनबावडा-राधानगरीकडं भातात रोप लावणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो. स्प्रिंगसारखा पिळदार जिवाणू, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, पायाच्या भेगेतून आत शिरतो. सुरुवातीचा ताप, अंगदुखी हुबेहूब व्हायरलसारखी. पण इथं डॉक्सिसायक्लिन काम करतं आणि उशीर झाला तर मूत्रपिंडं जाऊ शकतात. म्हणून नुसत्या तापावरून घरी बसून ठरवायचं नाही. पुराच्या पाण्यात उतरला होतात का, चिखलात होतात का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ती माहिती रक्ताच्या तपासणीइतकीच मोलाची असते.

क्षयाचं आणखी वेगळं. त्या जिवाणूच्या टायरवर मेणाचा जाड थर असतो आणि त्याला एकाचे दोन व्हायला पंधरा-वीस तास लागतात. म्हणून गोळ्या सहसा सहा महिने.

"घेतलं तर बिघडलं कुठं?"

नको तेव्हा घेतलेलं औषध आतड्यातल्या आपल्याच जिवाणूंना झोडतं, म्हणून पोट बिघडतं. पण खरी काळजी त्यापुढची आहे. मोठ्या वहीशिवाय जिवाणूंकडं डीएनएची छोटी सुटी कडी असतात, प्लाझ्मिड म्हणतात त्यांना. त्यावर एखादी खास कृती लिहिलेली असते, उदाहरणार्थ पेनिसिलिनचे तुकडे कसे करायचे. आणि हे चिठोरं जिवाणू एकमेकांना देतात, कोल्हापुरी चटणीची कृती या घरातून त्या घरात जावी तसं. घेणारा त्याच जातीचा असायलाही हवा असं नाही. औषध घेतलं की चिठोरं नसलेले मरतात, असलेले उरतात आणि पसरतात. उद्या तुमच्या आतड्यातला निरुपद्रवी जिवाणू ती कृती एखाद्या आजार करणाऱ्याला देऊन बसलेला असतो.

साबण, सॅनिटायझर, टीसीएल

विषाणूच्या पाकिटावर चरबीचा कागद असेल, जसा करोनाचा, तर साबण आणि स्पिरिट त्याला चटकन फाडतात. काविळीचा हेपटायटिस ए, लहान मुलांच्या जुलाबांचा रोटा, हे उघड्या पाकिटाचे. त्यांना सॅनिटायझर तेवढं लागू पडत नाही, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलेले हात बरे. टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, मात्र भिंत, पाकीट असा भेद करत नाही, समोर येईल ते जाळते. फक्त ती पुरेशी आणि पुरेसा वेळ हवी. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती हेपटायटिस ई या पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची होती.

शेवटी आत्तीनं विचारलेलं

नातू पाचव्या दिवशी शाळेत गेला. म्हशीचे चार दिवस भरले, दही लागलं. मग एका संध्याकाळी पुन्हा फोन.

"सगळ्यांस्नी व्हायरस होतोय म्हणतोस. मग ह्या दह्याच्या जिवाणूला पण होत आसंल की?"

होतो. जिवाणूंना मारणारे विषाणू आहेत, त्यांना फाज म्हणतात. फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये त्यांना नाव दिलं ते 'जिवाणू खाणारे' अशाच अर्थाचं. काही फाजांचं डोकं हिऱ्यासारखं कोनाकोनाचं, खाली दांडी, तिला कोळ्यासारखे पाय. पाय रोवायचे, कार्ड आत ढकलायचं, आणि अर्ध्या तासात एका जिवाणूतून शंभर-दोनशे नवे बाहेर. मोठ्या डेअऱ्यांत अख्ख्या टाकीचं दही-चीज यांच्यामुळं फसतं.

"म्हंजे दह्याला बी व्हायरल येतंय. मग त्येला काय देत्यात? इंजेक्शन?"

"काही देत नाहीत, आत्ती. भांडी वाफेनं धुतात आणि विरजण बदलतात."

"ते तर मी बी करते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.